गरम पडलेली गोळी

“गोळी गरम पडली गं,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला.

नर्सिंगची विद्यार्थिनी गोळी हातात घेऊन थबकली. काकू शिवणकाम करायच्या. फिट येते म्हणून त्यांना नुकतीच नवी गोळी सुरू झाली होती. सकाळी तिने विचारलं होतं, “काही त्रास?” काकू म्हणाल्या होत्या, “त्रास नाही, जरा गरम पडलंय.” तिने ‘त्रास नाही’ एवढंच लिहून घेतलं होतं.

“सिस्टर, ही गोळी थांबवूया का? गरम पडतेय म्हणतात.”

“माझ्या सासूबाईंना अख्खं घर गरम पडतं,” वॉर्डच्या सिस्टर हसल्या. “दे मुकाट्याने, शंकासुरा.”

हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात पडलं होतं. ती काकूंकडे वळली. “गरम म्हणजे कुठे, काकू?”

काकूंनी तोंड उघडलं. आतून सगळं सोलवटलं होतं. डोळे लाल होते. गळ्यावर चट्टे होते. तिने एकावर बोट टेकवलं, तशी कातडी दुधावरच्या सायीसारखी सरकली.

“सिस्टर, मी गोळी देत नाही. डॉक्टरांना बोलवा.”

सिस्टरांनी जवळ येऊन पाहिलं आणि फोन उचलला.

डॉक्टरांनी गोळी बंद केली. काकूंना अतिदक्षता विभागात हलवलं. डॉक्टर निघाले तशी ती म्हणाली, “सर, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राला कळवायचं ना?”

“खात्री कुठाय? आणखीही औषधं चालू होती. उद्या आपल्याच अंगाशी यायचं.”

“खात्रीची वाट बघायची नसते, सर. संशय आला की कळवायचं. शिकवलंय आम्हाला.”

“शिकवलं आम्हालाही होतं.” ते खुर्ची ओढून बसले. “काय म्हणाल्या त्या?”

“गरम पडली.”

“तसंच लिही. त्यांच्या शब्दांत.”

काही दिवसांनी केंद्रातून फोन आला. पलीकडच्या बाईंनी काकूंची तब्येत विचारली, गोळी केव्हा सुरू झाली ते विचारलं. मग म्हणाल्या, “याच गोळीबद्दल आणखी दोन-तीन गावांहून असंच कळवलंय. सगळं एकत्र ठेवून बघतोय आम्ही.”

फोन ठेवल्यावर ती तिथेच उभी राहिली. तिने कधी न पाहिलेल्या वॉर्डांत, कधी न भेटणारी माणसं आपापल्या बोलीत हेच सांगत होती. आणि तिथेही कोणीतरी विचारलं होतं, कुठे?

काकू वॉर्डात परतल्या तेव्हा जुनी कातडी निघून गेली होती. खालची नवी कातडी गुलाबी होती, तान्ह्या बाळासारखी. विद्यार्थिनी बघतच राहिली. काकू मधल्या बोटाचं टोक अंगठ्याने पुन्हा पुन्हा चाचपत होत्या.

“दुखतंय का?”

“नाही गं. सुई रेटून रेटून इथे घट्टा झाला होता, लग्नाआधीपासूनचा. तोही गेला.”

त्यांनी ते बोट चादरीच्या काठावरून सावकाश फिरवलं.

“एकेक धागा कळतोय,” त्या म्हणाल्या.