फळं आली की फोन

आमच्या ह्यांनी पस्तीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासला. तिथे ह्यांना ‘मायक्रोमीटर’ म्हणत, आणि ह्यांना ते कौतुक वाटे. निवृत्त झाल्यावर तपासायला उरलं काय? माझं कपाट, दारातलं पायपुसणं आणि फाटकाजवळचं ते काटेरी झुडूप.

झुडूप लेकीनं पाठवलेलं. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून ती नर्सरीत कामाला लागली, तेव्हा ह्यांनी भर जेवणात तिला ‘रिजेक्ट माल’ म्हटलं होतं. ती ताटावरून उठली ती उठलीच. तेव्हापासून फोन करते तो मला. तरी ह्यांच्या निवृत्तीला तिनं आठवणीनं रोप पाठवलं. बोटभर काटे, पांढरी फुलं आणि थंडीत झुबक्यांनी शेंदरी फळं. फुलं-फळं अर्थातच अजून फक्त सोबतच्या चिठ्ठीत.

“फळं आली की मी स्वतः फोन करून सांगेन तिला,” हे म्हणाले.

वा! म्हणजे बापाला लेकीशी बोलायला झुडपाची शिफारस लागणार. पण मी तोंड मिटून घेतलं, कारण दोन वर्षांत पहिल्यांदाच ह्यांनी तिला फोन करायची गोष्ट काढली होती.

मग काय, सेवा सुरू. खत मोजून, पाणी मोजून. थंडी सरली की कोपरापर्यंत हातमोजे चढवायचे, दोरी ताणायची, सुताराचा गुण्या लावायचा आणि छाटायचं. झुडूप इतकं चौकोनी, की वर ताट ठेवून जेवावं. तीन वर्षं हिरवंगार, काटकोनात, आणि फळांच्या नावानं शून्य. “नर्सरीनंच खराब माल दिलाय,” हा ह्यांचा निकाल. त्या नर्सरीत कोण कामाला आहे, ते सोयीस्करपणे विसरून.

शेवटी मीच लेकीला विचारलं. ती हसतच सुटली.

“अगं आई, फुलं मागच्या वर्षीच्या फांदीवर धरतात. बाबा दर वर्षी तीच कापून टाकतात! वर्षभर कात्री लपव.”

लपवली, तांदळाच्या डब्यात. ह्यांना सांगितलं, मासिकात वाचलंय, यंदा छाटायचं नाही. मी कधीपासून मासिकं वाचायला लागले, हे ह्यांनी विचारलं नाही. अहो आश्चर्यम्!

ते वर्ष कसं काढलं ते आमचं आम्हाला ठाऊक. फांद्या वाटेल तशा सुटल्या. ह्यांच्या सदऱ्याची बाही फाटली, पोस्टमन रस्त्यावरूनच हाका मारायला लागला. हे खिडकीत हात मागे बांधून उभे, घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करून. पण फुलं आली, आणि थंडीच्या तोंडाशी फळंसुद्धा. शेंदरी, झुबकेच्या झुबके. मला तर भरूनच आलं.

“करा फोन,” मी म्हटलं.

“थांब जरा. मागच्या बाजूची अजून हिरवी आहेत. सगळी रंगू देत.”

“तिला काय पेटी भरून पाठवायचीयेत?”

“अर्धवट माल मी पास करत नाही.”

घ्या! रोज सकाळी चष्मा लावून पाहणी. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी पाखरांचा थवा उतरला. त्यांना पास-नापास काही कळत नाही. आमचा चहा होईपर्यंत झुडूप साफ.

हे धावत गेले. हातमोजे न घालताच फांद्या बाजूला सारून शोधत राहिले. एक फळ सापडेल तर शपथ. आत आले तेव्हा दोन्ही मनगटांवर ओरखडे होते आणि रक्त. दया यायची ती बाजूलाच, माझा संताप झाला.

“बसा आता आणखी वर्षभर,” मी म्हटलं. “तोवर आपण दोघं असलो तर!”

ह्यांनी टेबलावरचा माझा फोन उचलला आणि लेकीला लावला. तिनं ‘आई’ म्हटलं असणार, कारण हे म्हणाले, “आई नाही, मी आहे.” पुढे नुसतंच घसा खाकरणं. मी हातानं खुणावलं, बोला की!

“चूक माझी झाली,” हे म्हणाले.

पलीकडचा तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “कुठली, बाबा?”

हे खुर्चीत बसले.

“तुला वेळ आहे ना?” म्हणाले. “बऱ्याच आहेत.”