सैल शिवण

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मला मुळीच खपत नाहीत, आणि आमच्याकडे येणाऱ्या थेरपिस्टबाई मला अगदी तशाच वाटल्या. माझ्या भाचीला, आमच्या टिल्लीला, ऑटिझम आहे. कपडे, अंघोळ, जेवण अशी रोजची कामं तिच्यासारख्या मुलांना कशी सोपी करून द्यायची, हे घरच्यांना शिकवणं हे बाईंचं काम. पण टिल्लीला त्या बोट लावायच्या नाहीत. कोपऱ्यात मांडी घालून बसायचं आणि आम्हालाच प्रश्न विचारायचे.

आमची अडचण एकच होती. सोमवारी टिल्लीची शाळा सुरू होणार होती, आणि गणवेश अंगावर चढवला की दोन मिनिटांत ती तो ओरबाडून काढायची. गणवेशाशिवाय शाळा घेणार नव्हती. या एका प्रवेशासाठी वहिनीने वर्षभर उंबरे झिजवले होते.

मी तीस वर्षं शिवणकाम करते. कापड टोचत असणार, हे मी ठरवूनच टाकलं. गळ्याचं लेबल उसवलं, मऊ अस्तर लावलं, कंबर सोडली. टिल्लीने गणवेश भिरकावला. मी तो आणखी सैल केला. शेवटी त्यात आम्ही दोघी मावलो असतो.

"आत्या, घरात ती आपणहून कुठे जाऊन बसते?" बाईंनी विचारलं.

"त्याचा गणवेशाशी काय संबंध?"

"असेल किंवा नसेल. दोन दिवस नुसतं बघा. काही शिवू नका."

नुसतं बघा म्हणे! वहिनीने डोळे वटारले, म्हणून मी सुईदोरा डब्यात टाकला.

आणि बघितलं. टिल्ली कपाट आणि भिंतीच्या फटीत शिरायची. सोफ्याच्या गाद्या अंगावर ओढून घ्यायची. मी भिंतीला टेकले की माझ्या पाठीमागे घुसायची. मी सरकून जागा करून दिली की भोकाड पसरायची. आजवर कितीदा सरकले असेन मी! काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोरीला मोकळं नको होतं, घट्ट हवं होतं.

मी ताणणाऱ्या कापडाची अंगासरशी बंडी शिवली, दोन बोटं आत जातील एवढीच. बाईंनी शिवण तपासली. "ती काढ म्हणाली की लगेच काढायची," एवढंच त्या म्हणाल्या. टिल्लीने बंडी घातली, वर गणवेश घातला, पोटावरून हात फिरवला आणि खेळायला गेली.

"तुम्हाला आधीच ठाऊक होतं," मी बाईंना म्हणाले.

"अंदाज होता. पण किती घट्ट, ते तुमच्याच हातांना कळणार."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मनात उत्तर असताना गप्प बसायला केवढा दम लागतो, ते मला विचारा. मला एक मिनिट जमत नाही. त्या दिवसापासून मी त्या बाईंना मनातून मानते.

सोमवारी अकरा वाजता शाळेतून फोन आला. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"अहो, पाणी सांडून गणवेश भिजलाय," शिक्षिका म्हणाल्या, "दुसरा देतोय, तर ही अंगातला काढूच देत नाही!"

मुलीच्या अंगावर गणवेश टिकत नाही म्हणून इतके दिवस रडलेली माझी वहिनी, तो निघत नाही म्हणून पोट धरधरून हसायला लागली. मी कात्री घेतली आणि दुसरी बंडी बेतायला बसले.