उत्तर देणारा पाइप

"गप्प! सगळे गप्प! पोरं आवरा, मोबाइल बंद करा, मनातला संशय बंद करा!"

मोबाइल बंद झाले. संशय कुणाकडे नव्हताच. ढिगाऱ्यासमोर तीन-चारशे माणसं गुडघ्यांवर बसली होती आणि मधोमध, विटामातीतून कमरेइतका वर आलेला, एक जाड लोखंडी पाइप होता. कानबाबाने त्याला कान लावला, डोळे मिटले आणि हातातल्या गोट्याने दोन ठोके दिले.

ठक. ठक.

मग जमिनीच्या पोटातून, बारीक पण स्पष्ट:

ठक. ठक.

असा हंबरडा फुटला की उरलीसुरली भिंतसुद्धा हलली असती.

"जिवंत आहेत!" बाबा गरजला. "तुमच्या श्रद्धेच्या हवेवर श्वास घेताहेत! ती तसूभर कमी झाली तर खालची हवा तसूभर कमी होईल. मग मला विचारू नका!"

बघा, काय सोय होती! माणूस वाचला तर बाबामुळे, गेला तर तुमच्या शंकेमुळे.

ठक.

भूकंपाला तीन दिवस झाले होते. या ढिगाऱ्याची तीन दिवसांपूर्वी चार मजली इमारत होती, चौदा बिऱ्हाडं होती. तिसऱ्या मजल्यावर नळवाला राहायचा. त्या सकाळी कुणाची तरी गळती काढायला तो लवकर बाहेर पडला. गळती काढून परत आला तेव्हा घर नव्हतं. घरात बायको होती.

सासूबाई मदतीच्या ट्रकमधून, पाण्याच्या बाटल्यांवर बसून, लेकीसाठी आल्या होत्या. आल्यापासून त्या पाइपापाशीच होत्या.

"जावईबापू, पुढे या ना. आज तिचा ठोका जरा जोरात आहे म्हणतात. काल घाबरली असेल हो पोर."

"तिचाच कशावरून, आई?"

"अहो, आईला कळत नाही का!"

नळवाला मान हलवायचा. त्यालाही तसंच वाटायचं. ते वाटणं एवढं ऊबदार होतं की त्याला बोट लावायची हिंमत होत नव्हती.

साऱ्या वस्तीत क्रेन एकच. बचाव पथकाच्या बाई, गळ्यात शिट्टी, डोळे लाल, काल हात जोडून सांगत होत्या, "अहो, इथे आमच्या यंत्राला काही ऐकू येत नाहीये. आमचं कुत्रं दोनदा कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी थांबून भुंकलंय. क्रेन तिकडे नेऊ द्या."

"यंत्राला श्रद्धा नाही, म्हणून ऐकू येत नाही!" बाबा म्हणाला.

"आणि कुत्रं बेकरीपाशी नाही थांबणार तर कुठे, बाई? पावाचा वास सुटला असेल!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

भूकंपानंतर पहिल्यांदा लोक हसले. त्या हसण्याची किंमत पुढे येते.

क्रेन तरीही वळायला लागली, तेव्हा तिच्या चाकांपुढे पंधरा-वीस जण आडवे पडले. त्यांत नळवाला होता. हे लिहायला नको वाटतं. पण तो पडला होता, हे खरं आहे.

ठक. ठक.

(लाउडस्पीकर, तिसऱ्या दिवशीची सकाळ.) "ऐका हो ऐका! बाहेरगावाहून मदत घेऊन येणाऱ्या बंधुभगिनींनी सामान पवित्र पाइपाच्या डाव्या हाताला ठेवावं. बाबा स्वतः गरजूंना वाटतील. फोटो उजव्या हाताने काढावेत."

मदत तर रीघ लागल्यासारखी येत होती. कुठल्याकुठल्या गावांतून लोकांनी कपाटं रिकामी करून पाठवली होती. त्यात उंच टाचांच्या चपला होत्या, एका पायाचे बूट होते, आणि खरोखर लागणाऱ्या वस्तूही होत्या. ट्रक दवाखान्याच्या तंबूसमोरून जायचे आणि ड्रायव्हर खिडकीतून विचारायचा, "ते ठोके कुठे ऐकू येतात हो?" टीव्हीवर तेच दिसत होतं ना. तंबूतल्या डॉक्टरीणबाई एकेका ब्लँकेटचे कापून दोन करत होत्या.

ठक. ठक. ठक.

दुपारी सासूबाईंनी नळवाल्याचं डोकंच धरून पाइपापाशी नेलं. "एकदा कान लावा. ती तुमच्यासाठी ठोकतेय आणि तुम्ही लांब बसताय!"

त्याने गाल टेकला. डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, पाइपाच्या तोंडावर घट्ट बसवलेली लोखंडी टोपी होती. टोपीच्या खालून, पेचाच्या आट्यांमधून, दोऱ्याचं एक टोक बाहेर आलं होतं.

हिरवं.

नळकाम करणारा माणूस आट्यांवर पांढरं सूत गुंडाळतो, मग टोपी आवळतो. हिरवा दोरा कुणी लावत नाही. दोन वर्षांपूर्वी याच इमारतीखाली काम करताना त्याचं सूत संपलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बायको म्हणाली होती, "एवढ्यासाठी काम कशाला अडवताय?" आणि शिवणयंत्रावरचं रीळ वरून टाकलं होतं.

"हिरवा? लोक हसतील की गं."

"टोपीच्या आत कोण बघायला जातंय!"

तेव्हा तो सगळ्या इमारतीला नवा प्लास्टिकचा पाइप घालत होता. जुना लोखंडी पाइप जमिनीतून उपटून काढायचा तर अख्खं अंगण फोडावं लागतं. त्या धंद्यात ते कुणी करत नाही. वरचा भाग कापायचा, तोंडाला टोपी लावायची, मातीत विसरून जायचं. त्यानेही तेच केलं होतं. भूकंपाने तो मातीतून वर ढकलला होता.

म्हणजे हा पाइप कुणाच्याही घरात जात नव्हता. त्याचं एक टोक इथे होतं. दुसरं मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या पंपाच्या खोलीत.

गालाखाली पाइप थरथरला. ठक. ठक.

"आली ना हाक?" सासूबाईंनी विचारलं.

इथे तो गप्प बसू शकला असता. गप्प बसला असता तर बायको आणखी एक दिवस जिवंत राहिली असती. निदान आईच्या कानात. निदान त्याच्या गालापाशी.

तो उठला आणि मागच्या गल्लीत गेला.

पंपाच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. फुटक्या झडपेतून त्याने पाहिलं. कानबाबाचा मेहुणा उशाला ब्लँकेटं घेऊन आडवा पडला होता, एका हातात बिस्किटाचा पुडा, दुसऱ्या हातात पाना. ठोके आले की तितकेच ठोके परत. बस, एवढाच चमत्कार. भोवती छतापर्यंत खोकी रचलेली होती. खोक्यांवर लिहिलेलं होतं:

*तान्ह्या बाळांसाठी*

*सलाईन. उलटं ठेवू नये*

*धुतलेलं आहे. बिनधास्त वापरा*

*इयत्ता तिसरी ब कडून. रडू नका*

नळवाला त्या शेवटच्या खोक्याकडे बघत राहिला. मग भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि तिसरी ब ने सांगितलेलं काही त्याला जमलं नाही.

ठक. ठक. ठक. ठक. ठक. ठक. ठक.

तासाभराने तो गर्दीसमोर उभा राहिला. "बाबा, जरा विचारा हो खालच्यांना."

कानबाबाने ठोकलं. उत्तर आलं नाही. परत ठोकलं. काहीच नाही. मागच्या खोलीत पथकाच्या दोघांनी मेहुण्याला धरून ठेवलं होतं.

बाबा पटाईत होता. "नास्तिकाची सावली पडली! श्रद्धा पातळ झाली! हटवा याला!"

"थांबा. आता सात येतील," नळवाला म्हणाला आणि स्वतःच्या पान्याने एकदाच ठोकलं.

सात आले. स्पष्ट, एकसारखे. कुणीतरी आनंदाने किंचाळलं.

"किंचाळू नका. त्या डॉक्टरीणबाई आहेत," तो म्हणाला. "मागच्या गल्लीत पंपाच्या खोलीत उभ्या आहेत. हा पाइप तिथे जातो, दुसरीकडे कुठेही नाही. मीच तो कापलाय, मीच टोपी लावलीय. जा, बघून या. तुमची ब्लँकेटंही तिथेच आहेत."

लोक धावले. बाबाही धावला, पण उलट्या दिशेला. त्याला भाजीवाल्याने गचांडी धरून परत आणलं.

सासूबाई धावल्या नाहीत. त्या जागच्या उठल्या आणि त्यांनी नळवाल्याच्या तोंडात मारली. आजवर त्या त्याला कधी अरे म्हणाल्या नव्हत्या.

"मारलंस तिला! आत्तापर्यंत होती, तू मारलंस!"

तो हलला नाही. म्हणाला, "आई, क्रेनला वाट द्या."

क्रेन बेकरीकडे गेली. संध्याकाळ व्हायच्या आत भट्टीमागच्या पोकळीतून दोन माणसं निघाली. एक म्हातारा कारागीर, जिवंत, पाणी मागत होता. दुसरी त्याची सून. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला, बराच वेळ धरला आणि खाली ठेवला.

"कधी?" नळवाल्याने विचारलं.

"आज सकाळी. फार तर आठ-नऊ वाजता."

कुत्रं काल दुपारी भुंकलं होतं.

चाकांपुढे आडवे पडलेले सगळे तिथेच होते. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. म्हातारा विचारत होता, "आमची सूनबाई कुठंय? सकाळपर्यंत बोलत होती माझ्याशी."

नळवाल्याची बायको दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तुळईखाली सापडली. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंचा पदर धरला. "खरं सांगा. किती वेळ होती?"

"मिनिटभरसुद्धा नाही, आजी. तिला कळलंही नसेल."

"मग मी दोन दिवस कुणाशी बोलत होते?"

 

त्या संध्याकाळी पलीकडच्या वस्तीतून एक रिक्षावाला धापा टाकत आला. त्याचा भाऊ सापडत नव्हता. "आमच्याकडे एक माई आल्यात. माती हुंगून सांगतात, कोण जिवंत, कोण नाही. क्रेन कुठे लावायची तेही सांगतात. तुमच्याकडे असंच काही झालं होतं ना? मग, खरं असतं का हो ते?"

नळवाल्याने सरकून जागा केली. सासूबाई म्हणाल्या, "बस इथे. मी सांगते.

"तुला वाटतंय ना, खरं असावं? मलाही वाटलं. वाटणारच रे, आपलं माणूस आहे खाली. लाज धरू नकोस. पण जो म्हणेल, फक्त मलाच कळतं, आणि शंका घेतलीस तर तुझं माणूस मरेल, त्याला तिथल्या तिथे बाजूला कर. शंकेने कुणी मरत नाही. उशिराने मरतं. बेकरीतली सून आमच्यामुळे गेली. मी जन्मभर ते उरावर घेऊन फिरणार आहे, तू घेऊ नकोस. धावत जा, शिट्टीवाल्या बाईंना घेऊन जा, त्यांच्या यंत्राला ऐकू दे, कुत्र्याला हुंगू दे. आणि ते म्हणाले इथे कुणी नाही, तर रड. पोटभर रड. पण क्रेन सोड, बाळा. दुसऱ्या कुणाची तरी लेक अजून श्वास घेत असेल."