बाजारहत्नूरचं एकच गिऱ्हाईक

माझा मुलगा राजकुमार आदिलाबादहून आला, पाण्याचा तांब्याही हातात न घेता मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "माय, तुह्या दुकानाले एकच गिऱ्हाईक हाय."

"अन् ते कोण?"

"तूच."

मोबाईलवर पापडासारखे तीन गोल होते. एक आदिलाबादच्या दुकानाचा, एक इंद्रवेल्लीच्या, एक माझ्या बाजारहत्नूरच्या. पहिल्या दोघांत रंगच रंग, धुळवडीनंतरच्या अंगणासारखे. जेवढी गिऱ्हाइकं तेवढे रंग, म्हणे. माझा गोल मात्र सगळाच्या सगळा वांगी रंगाचा.

"चांगला तर दिसते," मी म्हटलं. "डाग नाई त्याच्यावर."

"हसू नको. एका गिऱ्हाइकावर दुकान चालत नसते. खताच्या कंपनीवाला जागा मागून राह्यला. संक्रांतीले त्याले हो म्हणतो मी."

मग मी हसायची थांबले. हे दुकान आमच्या ह्यांनी, चंपतरावांनी, बांगड्यांच्या एका पेटीवर उभं केलं, आणि ते गेल्यावर मी चालवलं. बांगड्या, रिबिनी, टिकल्या, लेकरांची टोपडी, बायकांचे आतले कपडे. बाईला लागतं आणि पुरुषाजवळ मागता येत नाही ते सगळं माझ्याकडं मिळतं. बाकीची दोन दुकानं याच दुकानाच्या पोटची. आता पोटचीच आईला म्हणतात, तू वांगी आहेस, तर ऐकून घ्यायचं का?

हे गोल काढले माझ्या नातीनं, पूनमनं. राजकुमारचीच लेक. हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, यंदा हिवाळ्यात घरून काम करते म्हणून माझ्याकडं येऊन राहिली होती. बापानं तिला सांगितलं, तिन्ही दुकानांच्या बिलाच्या मशिनी एका ठिकाणी जोड. तिनं त्या क्लाउडला जोडल्या. आता कुठं काय विकलं, कोणी घेतलं, काय मागवायचं, ते रोज सकाळी चित्र होऊन बापाच्या फोनवर जातं.

क्लाउड म्हणजे आभाळातला ढग नव्हे, एवढं मला कळतं. पूनमनं सांगितलं, कुठंतरी लांब थंडगार खोल्या असतात, त्यांत यंत्रांच्या रांगा, तिथं सगळी बिलं जातात. पण ती सांगत होती तेव्हा सकाळ होती, आणि आमच्याकडच्या हिवाळ्यातलं धुकं दारात येऊन उभं होतं, बोलावल्यासारखं. मी त्याच्याकडं पाहत ऐकत होते. मला वाटलं, माझ्या टिकल्या, माझ्या रिबिनी एकेक करून त्या धुक्यात शिरतात आणि हळूहळू वर जातात, आणि कोणी त्यांना हात लावत नाही.

आता गोल एकाच रंगाचा का, ते सांगते. ते माझंच काम आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मशीन बसवली तेव्हा राजकुमारनं तिला शिकवून ठेवलं, मोबाईल नंबर घेतल्याशिवाय बिल सोडायचं नाही. बिल निघालं की त्या नंबरावर मेसेज जातो, तुम्ही अमकं घेतलं, धन्यवाद. आमच्या बायकांचा नंबर म्हणजे घरातल्या माणसाचा नंबर. कापूस वेचून चार पैसे हातात आलेली बाई स्वतःसाठी काय घेते, ते पानठेल्यावर उभ्या नवऱ्याच्या खिशात वाजायचं? माझ्याकडं दुकानात भाग्यलक्ष्मी नावाची पोर बसते. मी तिला म्हटलं, "माहा नंबर टाक. सगळ्याइले माहाच टाक." तेव्हापासून माझा फोन दिवसभर धन्यवाद म्हणत राहिला. मला वाटलं, चला, या घरात मला कोणीतरी म्हणतं.

हे राजकुमारला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे बाया येतात हे तू म्हणते. दाखवायले काय हाय?"

"माहे डोळे हाय."

"माय, मायेवर दुकान चालत नाई."

"मायेवर तू चालला, भुऱ्या! नाई तर पाळण्यातच विकला असता तुले."

पूनम हसली, पण मग हळूच म्हणाली, "आजी, कॉम्प्युटरला आपण देतो तेवढंच माहीत असतं. आपण त्याला एकच बाई दिली."

ते वाक्य माझ्या कानात अडकून बसलं.

त्या दुपारचं ऊन पाणी घातलेल्या दुधासारखं होतं. मी ओट्यावर भिंतीला पाठ टेकली. झोपले होते की जागी होते, देवाला माहीत. रस्ता पुन्हा धुक्यानं भरला आणि धुक्यातून ती आली, गोलातली बाई, माझं एकुलतं गिऱ्हाईक. मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्या. पोरीच्या मापाच्या, बाळंतिणीच्या मापाच्या, म्हातारीच्या सैल मापाच्या, सगळ्या एकाच हातात. वेणीत दहा घरच्या रिबिनी. कडेवर, पाठीवर, पदराला धरून टोपडी घातलेली लेकरं. चालली की देवळातल्या घंटांसारखी वाजायची.

"कोण वं तू?" मी विचारलं.

"देवकाबाई."

"चाल हट! देवकाबाई मी हाय."

"मंग मी कोण?"

भांडायला नव्हती आली. जत्रेत हात सुटलेलं लेकरू विचारतं, तसं तिनं विचारलं. मी गावातल्या बायकांची नावं घेऊन पाहिली. प्रयागबाई? मान हलवली. तुळजाबाई? नाही. माझ्या तोंडातली नावं संपली. ती वाजत वाजत पलीकडच्या कपाशीत शिरली. वावर पांढरं, धुकं पांढरं. बाई कुठं संपली आणि कापूस कुठं सुरू झाला ते कळेना.

"अव्वा, चहा," भाग्यलक्ष्मीनं मला हलवलं. ती तेलुगू घरची, मला आजी म्हणायच्या ऐवजी अव्वा म्हणते. चहा प्याले, पण अंगातलं धुकं गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी पूनमनं मला न विचारता भाग्यलक्ष्मीला सांगितलं, आजपासून ज्याचा त्याचा नंबर घ्यायचा. पोर दुकान वाचवायला निघाली होती, मन चांगलं. पहिली आली सपना. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आमच्या गल्लीत आलेली, सुपारीएवढ्या आवाजाची. तिनं रंगीत पेन्सिलींचा डबा उचलला. आधीही दोनदा नेला होता.

"अक्का, नंबर सांगा," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

सपनानं माझ्याकडं पाहिलं. मग डबा जागेवर ठेवला, झोपलेलं लेकरू खाली ठेवावं इतक्या हळू. "राहू दे. पाह्यत होती फक्त," म्हणाली, आणि शाल डोक्यावर ओढून धुक्यात गेली.

मी पूनमकडं वळले. "झालं समाधान? आता खरंच एकही गिऱ्हाईक नाई."

"पण आजी, पेन्सिलीच तर घेत होती. त्यात लपवायचं काय?"

"तिच्या घरात लेकरू नाई अजून. नवऱ्याच्या फोनवर पेन्सिली गेल्या की सासू इचारन, कोणासाठी? माह्यासाठी म्हटलं तर घरभर हसतीन. पोरगी मागच्या खोलीत भिंतीवर मोर काढते. तिच्या जिवाले तेवढीच जागा हाय, अन् तू तिथं घंटी बांधते!"

पूनम धावत रस्त्यावर गेली. धुक्यात दोन्हीकडं पाहून परत आली. कॉम्प्युटर ओढून म्हणाली, "नंबर नकोच. नंबराचा रकानाच काढून टाकते, म्हणजे मेसेज जायचा प्रश्न नाही. मला तिचं घर नको, नवरा नको. ही बाई त्या बाईपेक्षा वेगळी आहे, आणि आज आलेली हीच पुन्हा आली, एवढं कळलं की पुरे. एक खूण पाहिजे, आजी. तिची तिनं सांगितलेली, आणि दर वेळी तीच. नाहीतर विसरतील."

जी बाईला विसरता येत नाही आणि तिच्या सासरी कोणी वापरत नाही, अशी खूण. मी वाती वळत होते. बोटं आपोआप थांबली. आमच्यात लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, आणि तेव्हापासून बाई ती होते. जुनं नाव माहेरीच राहतं, खुंटीवर टांगलेल्या परकरासारखं.

"माहेरचं नाव इचार," मी म्हटलं.

पूनमनं माझ्याकडं असं पाहिलं की मला उगीच पदर सावरावा लागला.

मग ते दिवस आले, ते मला अजून नीट खरे वाटत नाहीत. सकाळी धुकं, धुक्यातून एकेक बाई, आणि भाग्यलक्ष्मीचा प्रश्न, "अक्का, माहेरचं नाव?" कोणी आधी हसायची, पदर तोंडावर घ्यायची. कोणी इकडंतिकडं पाहून काउंटरवर वाकायची आणि चोरून आणलेली चिंच द्यावी तसं नाव द्यायची. एकीला आठवायलाच वेळ लागला; ती डोळे मिटून उभी राहिली आणि डोळे उघडले तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसली. प्रयागबाई म्हणाली, "त्या नावानं हाक मारणारं आता कोणी जितं नाई वं देवका," आणि तरी सांगितलं, आणि जाताना काठी विसरून गेली. एका सकाळी दोन मंगला निघाल्या. दोघींत कोण खरी यावर त्या भांडायला लागल्या, तेव्हा पूनमनं पुढं माहेरचं गावही लिहायला घेतलं.

भाग्यलक्ष्मीकडून मी निरोप धाडला होता, मशिनीले अक्कल शिकवली म्हणाव, ये. सपना आली. "वनिता, किनवट," म्हणाली. आवाज सुपारीचा नव्हता, चांगला नारळाएवढा होता. डबा छातीशी धरून गेली.

पूनम रोज संध्याकाळी मला गोल दाखवायची. आधी खरबुजाच्या फोडीएवढा पिवळा आला. मग हिरवा, मग डाळिंबी. जुनी बिलं मात्र तशीच राहिली. ती म्हणाली, त्यांतल्या बाया आता वेगळ्या करता यायच्या नाहीत. राहू दे. त्या वांगी बाईला मी मनातल्या मनात नमस्कार केला. ती बिचारी एवढ्या जणींचं ओझं एकटीनं वाहत होती.

संक्रांत दोन दिवसांवर आली आणि राजकुमार आला. त्या सकाळचं धुकं असं की दुकानाच्या पायरीवरून रस्ता दिसत नव्हता. समोर वेचणीला जाणाऱ्या बायांचा टेम्पो थांबलेला होता. तो फक्त ऐकू येत होता, इंजिनाची धडधड, बांगड्या आणि खोकला.

"माय," तो मोबाईल पाहत म्हणाला, "हे कोण बाया हाय? माहा जलम या गावात गेला. हे नावं इथं कोणाचीच नाई. दुकान वाचवायले तू सांगितली, अन् हिनं टाकली?"

पूनमचा चेहरा उतरला. "पप्पा, मी खोटा डेटा टाकीन का?"

"मंग दाखव न मले! कुठं हाय?" तो दारात गेला आणि हजेरी घेणाऱ्या मास्तरसारखा ओरडला, "वनिता, किनवट!"

मी त्याचा हात धरायला उठले, पण माझे गुडघे आणि त्याचं तोंड यांची शर्यत कशी लागणार!

धुक्यातून आवाज आला, "ओ!"

माहेरी आईनं अंगणातून हाक मारली की पोर देते, तसा ओ. विचार करायच्या आधी निघून गेलेला. राजकुमार थबकला. त्यानं पुढचं नाव वाचलं, जरा हळू. "मंगला, माहूर."

"ओ!"

"मंगला, हिमायतनगर."

"मी बी हाय!"

कोण बोललं ते दिसत नव्हतं. पांढऱ्यात पांढरं. तो वाचत गेला, आवाज येत गेले, काही टेम्पोतून, काही बस थांब्याकडून, एक तर पार हातपंपाकडून, आणि प्रत्येक आवाज कोवळा. माझा पन्नाशीचा मुलगा दारात उभा राहून धुक्याला नावं वाचून दाखवत होता, आणि धुकं पोरींसारखं उत्तर देत होतं. मला वाटलं, हे संपूच नये. ऊन पडूच नये आज.

शेवटी कोणीतरी ठसक्यात ओरडलं, "ओ राजकुमारभाऊ, सगळ्या हाजर हाय! आता सुट्टी द्या, कापूस वाट पाहून राह्यला!" टेम्पोभर हसू फुटलं, आणि ते हसू गाडीबरोबर वावराकडं निघून गेलं.

राजकुमार आत येऊन स्टुलावर बसला. पूनमनं त्याला पाणी दिलं. या वेळी तो प्याला. मग मोबाईलवर बोट ठेवून म्हणाला, "एक राह्यली. इनं ओ नाई देल्ली. गिरजा, उनकेश्वर. उनकेश्वर तर माह्या मामाचं गाव. हे कोण हाय माय?"

पूनम एकदम बांगड्यांचे खोके आवरायला लागली.

"हाय एक," मी म्हटलं. "लय जुनं गिऱ्हाईक हाय."

"कोण पण?"

"आधी खतवाल्याले फोन लावून नाई म्हण. मंग सांगते."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी वाती वळायला घेतल्या. मग त्यानं फोन कानाला लावला.