दोन खांबांमधल्या अकरा गाड्या

अमरीनचं डोकं चौथ्या दिवशी फिरलं. खरं तर पहिल्याच दिवशी फिरायला हवं होतं.

अकोल्याच्या जुन्या शहरातली ही मुलगी दर्यापूरकडच्या एका कापूस खरेदी केंद्रावर वायफाय सांभाळायला होती. साल २०१७. टपावर कॅमेरा लावलेली जीप कापसाच्या गाड्यांच्या रांगेकडेनं न थांबता जायची, त्यांचे नंबर टिपून खांबांवरच्या वायफायमधून ऑफिसात पाठवायची. नंबर पोचला तरच वजन. दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मधले अकरा नंबर रोज गळायचे. त्यातलीच एक शेतकरी गोदाबाईंची ट्रॉली. चार दिवस बाई कापसावर बसून होत्या, आणि आज संध्याकाळी या हंगामाची खरेदी बंद होणार होती.

दुखणं अमरीनला ठाऊक होतं. जीपमधलं यंत्र दुसऱ्या खांबाला चिकटून बसायचं, सिग्नल पार मरेपर्यंत सोडायचं नाही. तिसरा सापडेस्तोवर अकरा गाड्या मागे पडायच्या. जुना खांब वेळेवर सोड, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण वायफाय कंपनीचे साहेब पुण्याहून फोनवर म्हणाले, "मी स्वतः तपासलंय. फुल सिग्नल होता."

असणारच! एकदा आले तेव्हा खांबाखाली जीप उभी करून, चहा पीत तपासला होता. उभ्या गाडीला कशाला लागतोय दुसरा खांब? वर सल्ला, ड्रायव्हरला हळू चालवायला सांगा.

"याच्याऊन हळू म्हंजे ढकलतच नेतो मंग," ड्रायव्हर खुशालराव म्हणाले.

चार वाजता गोदाबाई जीपला आडव्या आल्या. "पोरी, माही गाडी दिसत नाही काय तुह्या मशीनले? आंधळी हाय काय?"

"मशीन नाही मावशी, साहेब आंधळे हायेत."

अमरीननं लॅपटॉप उघडला आणि सेटिंग बदललं. जीप फिरली. अकराच्या अकरा नंबर ऑफिसात पोचले.

पाच मिनिटांत साहेबांचा फोन. "परवानगीशिवाय बदललं? ते अकरा नंबर रद्द करा!"

"मी नाही करत. तुमी दर्यापूरले या, अन् मावशीच्या तोंडासमोर रद्द करा."

साहेब तावातावानं बोलतच राहिले. तोवर ट्रॉली काट्यावर चढली होती, मागोमाग उरलेल्या दहाही.

आठवड्यानं अमरीनला कामावरून काढल्याचं पत्र आलं. पुढच्या हंगामात मात्र तीच सुधारणा कंपनीनं सगळ्या केंद्रांवर लावली, साहेबांच्या नावानं.