वॅक्सविंग आधी कोणी पाहिला

त्या हिवाळ्यात नळाला पाणी यायच्या आधी नळच गोठायचा. लोक सकाळी किटलीतलं कढत पाणी नळावर ओतायचे आणि मग तीच किटली त्या नळाखाली भरायला धरायचे. अशाच एका सकाळी कवळीवाल्याच्या सासूबाई आपल्या घराच्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि दीडदोन महिन्यांसाठी त्या लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या.

कवळीवाला म्हणजे त्यांचा जावई. दातांच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं तो कवळ्या बनवत होता, आणि हात असा की त्याची कवळी लावलेला माणूस आठवड्याभरात विसरायचा की दात आपले नाहीत. पण गावात त्याला मान होता तो पक्ष्यांमुळे. इथल्या पक्षीमंडळाची नोंदवही त्याच्याकडे असे. कुणाला काही वेगळा पक्षी दिसला की तो त्याच्याकडे येऊन सांगायचा, कवळीवाला चष्मा कपाळावर चढवून चार प्रश्न विचारायचा आणि बहुतेक वेळा म्हणायचा, "नाही हो, दुसरं काहीतरी असेल." त्यानं 'नाही' म्हटलं की विषय संपला. या कडकपणाचा त्याला अभिमान होता. वहीत खोटं पान नको, असं तो म्हणायचा.

सासूबाईंना पुढच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची दिली होती. खाली बंद पडलेल्या छापखान्याचं आवार होतं. गंजलेली दोन यंत्रं, गळकी टाकी, आणि लाल फळांनी लगडलेलं एक झाड. उठबस करायची नाही, टीव्हीचा कंटाळा, म्हणून त्या दिवसभर तिकडे बघत बसायच्या. आयुष्यभर पोस्टात पार्सलांच्या खिडकीवर बसलेल्या बाई त्या. बघत बसणं त्यांना जड नव्हतं.

एका रविवारी मोजणीसाहेब चहाला आले होते. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, मंडळातले सगळ्यांत वडीलधारे. गप्पा रंगल्या होत्या, थंडीमुळे उत्तरेकडून काय काय खाली उतरलं असेल यावर. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, खाली एक पाहुणा येतोय हं चार दिवस. डोक्याला तुरा, डोळ्यांत काजळ घातल्यासारखं, आणि शेपटीची कड हळदीत बुडवल्यासारखी पिवळी. पंखावर तर बघा, पार्सलाला लाख लावतात ना, तसे लाल थेंब."

"बुलबुल असेल, आई," कवळीवाला मान न वळवता म्हणाला.

"बुलबुल मी ओळखते की. त्याच्या बुडाखाली लाल असतं. याच्या पंखाला आहे."

"मग बुलबुल उलटा बसला असेल!" तो म्हणाला, आणि मोजणीसाहेब खो खो हसले. हशा पिकला म्हणून तो आणखी पुढे गेला. "आई, खुब्याबरोबर चष्म्याचा नंबरही तपासून घेऊ आपण."

सासूबाईही हसल्या. मग त्यांनी शाल गुडघ्यांवर सारखी केली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्या दिवशी पक्ष्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, नंतरही नाही.

गुरुवारी बायको सासूबाईंना टाके काढायला दवाखान्यात घेऊन गेली. प्रयोगशाळेत वीज नव्हती म्हणून कवळीवाला घरीच होता. चहाचा कप घेऊन तो सहज खिडकीशी उभा राहिला. आणि झाडावर तो होता. तुरा, डोळ्यांतलं काजळ, हळदीची कड. पंखावर लाखेचे थेंब. फळ गट्टकन गिळायचा, अंग फुगवून थोडा वेळ बसायचा, पुन्हा एक गिळायचा. वॅक्सविंग! या गावात तो कधी कुणी पाहिला नव्हता. कवळीवाल्यानं पुस्तकांत त्याची चित्रं शेकडो वेळा पाहिली होती. कप त्यानं खिडकीतच ठेवून दिला.

त्यानं मोजणीसाहेबांना फोन लावला.

"साहेब, वॅक्सविंग! छापखान्याच्या आवारात."

"काय सांगतोस! कुणी पाहिला?"

सासूबाईंचं वाक्य त्याला आठवलं नव्हतं असं नाही. शब्दन् शब्द आठवत होतं. ते सांगायचं तर 'बुलबुल उलटा बसला असेल' हेही सांगावं लागलं असतं, आणि तेही ते ऐकून हसलेल्या माणसाला.

"मी," तो म्हणाला.

दुपारपर्यंत घरात माणसं मावेनात. मंडळातली आठ-नऊ, शेजारच्या गावातली चार, लांब भिंगांचे कॅमेरे घेतलेले दोघे अनोळखी. छापखान्याच्या आवाराला कुलूप होतं, त्यामुळे पक्षी दिसायचा तो फक्त या खिडकीतूनच. सासूबाई दवाखान्यातून परतल्या तेव्हा त्यांची खुर्ची आतल्या खोलीत, कपाटाशेजारी नेलेली होती. कवळीवाल्यानंच नेली होती.

"आई, जरा दोन दिवस. फार लोक येतायत," तो घाईघाईनं म्हणाला.

"बरं," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत आत गेल्या. आतल्या खोलीला खिडकी होती, पण ती भिंतीकडे उघडायची.

पुढच्या खोलीत कुणीतरी विचारलं, "आता दिसत नाहीये, मग जातो कुठे?" सगळ्यांनी कवळीवाल्याकडे पाहिलं. त्याला काय माहीत! तो घशातल्या घशात काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "टाकीच्या मागे. गळक्या पाइपाशी पाणी पितो. तीनला परत येतो, झाडाच्या डाव्या अंगाला."

तीनला पक्षी आला, डाव्या अंगाला.

"वा!" एक कॅमेरावाला म्हणाला. "जावयानं सासूबाईंनाही तयार केलंय!"

सगळे कौतुकानं हसले. कवळीवालाही हसला. त्याचे कान तापले होते, पण त्यानं मूग गिळले ते गिळलेच.

शनिवारच्या पेपरात त्याचा फोटो आला, खिडकीपाशी, दुर्बीण गळ्यात. बायकोनं पेपर वाचला, घडी घातली आणि टेबलावर त्याच्यासमोर ठेवला.

"आईनं रविवारीच सांगितलं होतं. तुमच्या तोंडावर."

"अगं, पण त्यांना नाव कुठे माहीत होतं?"

"नाव माहीत नव्हतं म्हणून तिला दिसला नाही का?"

त्यानं पेपर उलटा करून ठेवला.

"आयत्या बिळावर नागोबा," बायको हळू आवाजात म्हणाली. "मी परवाच सगळ्यांसमोर बोलणार होते. आईनंच हात धरला. म्हणाली, गप्प बस, चारचौघांत जावयाची मान खाली जाईल."

हे ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या ओरडल्या असत्या, भांडल्या असत्या, तर त्यालाही उलट बोलता आलं असतं. सासूबाईंनी त्याची लाज राखली होती, आणि तीच लाज आता त्याला खाऊ लागली.

आठवडाभर त्याचं कामात लक्ष लागेना. एका म्हाताऱ्या शिक्षकाच्या कवळीत त्यानं वरच्या ओळीचे दात उलट बाजूला बसवले. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालक हसून म्हणाला, "पेपरात आलं की पाय जमिनीवर राहत नाहीत वाटतं." घरी जेवताना तो सासूबाईंच्या नजरेला नजर देईना. त्या मात्र नेहमीसारख्या मीठ पुढे करायच्या, थंडीची चौकशी करायच्या. त्यांच्या तोंडातली कवळीही त्यानंच केलेली. त्या घास चावताना त्याला त्याचं काम दिसायचं आणि त्याला वाटायचं, आपण या बाईला दात दिले आणि तिच्या तोंडचं बोलणं काढून घेतलं.

मंडळाची सभा वाचनालयाच्या खोलीत होती. बाहेर धुकं, आत एक शेगडी आणि पंचवीस-तीस माणसं, एरवीच्या तिप्पट. कवळीवाल्याला भाषण करायचं होतं. तो उठला, टेबलाचा काठ धरला आणि म्हणाला, "खरं सांगायचं तर हा पक्षी आधी माझ्या सासूबाईंनी पाहिला."

टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काय हा विनय! असा जावई शोधून सापडायचा नाही." मोजणीसाहेब तर डोळे पुसत हसत होते.

त्याला वाटलं, आता बसावं. बोललो तर खरं, त्यांनी ऐकलं नाही तर माझा काय दोष? खुर्ची मागेच होती. तो अर्धा वाकलाही. आणि त्याच्या लक्षात आलं की आता बसलो तर हे आधीच्याहून मोठं खोटं होईल. आधी नुसती वाहवा चोरली, आता चांगुलपणाही चोरतोय.

"विनय नाही," तो म्हणाला. "तुम्ही समजताय तसं नाही. त्यांनी मला रविवारी सांगितलं, पंखावरच्या लाल ठिपक्यांसकट. मी त्यांची टिंगल केली. साहेब, तुम्ही होतात तिथे. चार दिवसांनी मला दिसला तेव्हा मी म्हटलं, मीच पाहिला. मी खोटं बोललो. नोंदवहीत माझ्या हातानं खोटं लिहिलंय."

मोजणीसाहेबांचं हसू ओठांवरच थिजलं. त्यांना तो रविवार आठवला असावा, कारण त्यांनी खाली पाहिलं.

मागच्या रांगेत गाणं शिकवणाऱ्या बाई उठल्या. मितभाषी बाई, दर रविवारी मंडळाबरोबर पक्षी बघायला यायच्या, कोपऱ्यात उभ्या राहायच्या. "एक विचारू?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी मी आखूड कानांचं घुबड सांगितलं होतं. विटभट्टीपाशी. तुम्ही म्हणालात, साधं घुबड असेल. तुम्ही जाऊन बघितलं होतं का?"

हा प्रश्न त्याच्या ध्यानीमनी नव्हता. खोलीतले सगळे त्याच्याकडे बघत होते. आणखी किती जणांच्या मनात असे प्रश्न असतील, हे तो मनात मोजायला लागला आणि मध्येच थांबला.

"नाही," तो म्हणाला. "गेलो नव्हतो."

"मी चार सकाळी गेले होते," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

मोजणीसाहेबांनी हात पुढे केला. कवळीवाल्यानं पिशवीतून नोंदवही काढून त्यांच्या हातात दिली. कुणी रागावलं नाही. लोक कोट चढवून निघाले, आणि दाराशी नेहमी त्याच्याशी गप्पा मारायला थांबणारे त्या दिवशी थंडीचं निमित्त करून पुढे गेले.

घरी आल्यावर तो सरळ आतल्या खोलीत गेला. सासूबाई पलंगावर बसून पायाचा व्यायाम करत होत्या. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, सभेतलं, घुबडाचं, वही दिल्याचं. शेवटी म्हणाला, "आई, माझं चुकलं."

त्यांनी पाय खाली ठेवला.

"खोटं बोललात त्याचा मला एवढा राग नाही हो," त्या म्हणाल्या. "पोस्टात माझी कामं साहेबांच्या नावावर गेलेली मी पुष्कळ पाहिलीत. पण खुर्ची उचललीत. मी घरी यायच्या आत उचललीत. विचारायचं तरी होतं. मी काय नाही म्हटलं असतं?"

तो वळला, कपाटाशेजारची खुर्ची पुढच्या खोलीत नेऊन ठेवली आणि मग तिथंच तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. खुर्ची नेताना आपण त्यांना विचारलं नव्हतं, आणि परत आणतानाही नाही, या विचारानं त्याला तिथून हलवेना.

दोन दिवसांनी मोजणीसाहेब वही घेऊन आले आणि सासूबाईंच्या समोर स्टूल ओढून बसले. "बाई," ते म्हणाले, "मीही हसलो होतो त्या दिवशी." सासूबाईंनी हात हलवला, जाऊ द्या म्हणून, आणि सांगायला लागल्या.

कवळीवाला स्वयंपाकघरात चहा ठेवत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. पहिल्या दिवशी तो कुठल्या फांदीवर बसला. दिवसाला साधारण किती फळं खातो, कारण एकदा त्यांनी मोजली होती. कावळा आला की तुरा कसा चपटा करतो. त्याचा आवाज खिडकी बंद असूनही कसा येतो, लांबच्या सायकलच्या घंटीसारखा. एका सकाळी टाकीचं पाणी गोठलं तेव्हा तो पत्र्यावरचा बर्फ टोचत होता, आणि त्यांना वाटलं होतं की खाली जाऊन वाटीभर पाणी ठेवावं, पण पाय कुठे चालत होता. मोजणीसाहेब लिहीत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "सावकाश, बाई, सावकाश." कवळीवाल्यानं सात वर्षं ती वही सांभाळली होती. इतकं भरलेलं पान तिच्यात नव्हतं. चहा उतू गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

पक्षी आणखी नऊ दिवस होता. गेला तो सासूबाईंनी पाहिला आणि लेकीला सांगितलं. कवळीवाल्याला ते बायकोकडून कळलं. थंडी सरल्यावर त्या आपल्या घरी गेल्या. फोनवर त्या त्याच्याशी बोलतात, खुब्याबद्दल, भाजीच्या भावांबद्दल, कवळी जरा घासते त्याबद्दल. पक्ष्यांबद्दल बोलत नाहीत, आणि त्याला विचारायचा धीर होत नाही.

वही आता गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे असते. त्या कुणाला एकदम नाही म्हणत नाहीत, म्हणतात, "चला, बघून येऊ." कवळीवाला रविवारी जातो, मागे उभा राहतो. मागच्या महिन्यात एका पानवाल्यानं येऊन सांगितलं की त्याच्या दुकानामागं काहीतरी निळं फिरतंय. कवळीवाल्याच्या ओठांवर 'नाही' हा शब्द आलाच होता. तो गिळून त्यानं विचारलं, "किती वाजता येऊ?" आणि पहाटे साडेसहाला जाऊन, दात वाजवत, पानवाल्याच्या बाकावर बसून राहिला.