आग्नेसबायच्या गळ्यातली टेप

मित्रांनो, मी कपड्यांची मापं घेणारी एक जुनी टेप आहे, आणि आधीच सांगते, मी एका यंत्रावर जळते.

वसईजवळच्या निर्मळ गावच्या आग्नेसबायने मला आणलं तेव्हा माझा पिवळा रंग कसा झळझळीत होता! दिवसभर मी तिच्या गळ्यात. गावातल्या कितीतरी नवरीमुलींचे गाऊन, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक माझ्याच मापाने बेतले गेले.

मग आग्नेसबाय गप्प झाली. शिवणकाम सुटलं, जेवण सुटलं. शेजारणी म्हणायच्या, "नाटकं आहेत झालं." तिची मुलगी एलिसा मात्र मुंबईत मेंदूचाच अभ्यास करते. डोक्यावर बाहेरून एका यंत्राने चुंबकाचे ठोके देऊन नैराश्य कसं बरं करायचं, यावर तिचं संशोधन. ठोक्यांची नेमकी जागा डोक्याचं माप घेऊन ठरवतात. माप म्हटल्यावर तिने लाडाने मलाच प्रयोगशाळेत नेलं. मी केवढी फुगले!

तिने एका मैत्रिणीच्या डोक्यावर सराव केला, तर खूण बोटभर चुकली. "कापडी टेप वापरून वापरून ताणते," तिचे सर म्हणाले. माझ्या जागी करकरीत नवी टेप आली आणि माझी रवानगी घरच्या ड्रॉवरमध्ये झाली.

पुढे आग्नेसबायवर तिथल्याच मोठ्या डॉक्टरांनी तेच उपचार सुरू केले. एलिसा रोज घरी येऊन यंत्राचे गोडवे गाई. मला वाटायचं, मोडू दे मेलं! पण ते मोडलं तर आग्नेसबायचं काय, हेही कळायचं. मग मी चरफडत पडून राहायची.

काही आठवड्यांनी एका दुपारी ड्रॉवर उघडला. समोर आग्नेसबाय.

"एली, इकडे ये. किती वाळलीस गं. कुर्ता नुसता लोंबतोय."

"मम्मी, ती टेप ताणलीय."

"ठाऊक आहे मला. बोटभर वाढवून धरते."

एलिसाला रडू आवरेना. आग्नेसबायने तिच्या कमरेचं माप घेतलं आणि सवयीने मला गळ्यात टाकलं.

कौतुक अजूनही यंत्राचंच होतं. होऊ दे. त्याला गळ्यात कोण घालणार?

मित्रांनो, घरातलं कुणी हातातलं काम टाकून गप्प बसलं, तर त्याला नाटकं म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या. त्या मेल्या यंत्राकडे न्यावं लागलं तरी न्या, माझी हरकत नाही. फक्त ते माणूस बरं होऊन आलं, की ड्रॉवर तेवढा उघडा ठेवा.